नव्या लॅपटॉपला पोर्टच नाही! प्रोजेक्टर, धरमकाटा आणि लॅनची वायर आता जोडायची कशी?

लॅपटॉप नवा कोरा, किंमत जुन्याच्या दुप्पट, आणि दोन्ही कडांना मिळून भोकं दोन नाहीतर तीन. व्हीजीए, म्हणजे प्रोजेक्टरच्या वायरीचं जुनं रुंद सॉकेट, कधीचंच गेलं, नेटच्या वायरीचं म्हणजे लॅनचं सॉकेट गेलं, आता बऱ्याच मॉडेलांत टीव्हीला असतं ते एचडीएमआयही नाही. जे आहे ते सगळं टाइप-सी, नव्या मोबाइलच्या चार्जिंगला असतं तसं छोटं भोक. शाळा-कॉलेजं उघडली की नागपुरातल्या सीताबर्डीच्या आमच्या काउंटरवर कोणी ना कोणी वैतागून येतंच. "काहून जी, पैसे जास्त घेतले अन् पोर्ट कमी दिले?"

प्रश्न रास्त आहे. लॅपटॉप पाच-सात वर्षांत बदलतो, पण तो ज्याला जोडायचा ती वस्तू तशी बदलत नाही. वर्गातला प्रोजेक्टर छताला टांगलेला असतो आणि त्याची व्हीजीए वायर पीओपीच्या आतून ओढलेली असते. कळमना मार्केटकडच्या धरमकाट्याचा, म्हणजे गाडीसकट माल तोलणाऱ्या काट्याचा, वजन दाखवणारा इंडिकेटर, हिंगणा एमआयडीसीतल्या मशीनचं पॅनेल, ही मंडळी पंधरा-वीस वर्षं बिनतक्रार चालतात. कंपनीने पोर्ट काढला की तिचा खर्च वाचतो, लॅपटॉप पातळ होतो, जाहिरात छान दिसते. जुनं-नवं जोडणाऱ्या कन्व्हर्टरचे पैसे मात्र गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात. वर तो कन्व्हर्टर चालला नाही तर दोष कोणाचा, हे सांगायला कोणीच नसतं. लॅपटॉपवाला म्हणतो प्रोजेक्टर जुना, प्रोजेक्टरवाला म्हणतो लॅपटॉप नवा.

हे लिहितोय ते कन्व्हर्टर आणूनही ज्यांचं काम अडलंय त्यांच्यासाठी.

पडद्यावर ‘नो सिग्नल’

सगळ्यात आधी कन्व्हर्टरची दिशा बघा. हसू नका, निम्मी भानगड इथेच असते. एचडीएमआय टू व्हीजीए आणि व्हीजीए टू एचडीएमआय या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दिसायला जवळपास सारख्या, पाकीटही सारखं, आणि उलट्या जोडून काहीही होत नाही. लॅपटॉपमधून जे निघतं ते आधी लिहायचं, प्रोजेक्टरला जे जातं ते नंतर. दुकानात हेच वाक्य बोला: "लॅपटॉपला एचडीएमआय आहे, प्रोजेक्टरला व्हीजीए." नुसतं "एचडीएमआय-व्हीजीए द्या" म्हटलं की पोरगा हाताला येईल ते देतो.

एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए असलेली नुसती वायर, मध्ये कसली डबी नाही, टोकही फुगलेलं नाही, अशी मिळाली तर घेऊ नका. एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल आणि व्हीजीएचा अ‍ॅनालॉग. मध्ये चिप असल्याशिवाय एकाचं दुसऱ्यात रूपांतर होत नाही. ती चिप चालायला वीज लागते आणि ती एचडीएमआयच्याच ५ व्होल्टच्या पिनवरून येते. या पिनवर किमान ५५ मिलिअँपिअर मिळालेच पाहिजेत एवढाच नियम आहे. काही पातळ लॅपटॉप त्याहून फारसं जास्त देत नाहीत. त्यामुळे तोच कन्व्हर्टर जुन्या लॅपटॉपवर चालतो आणि नव्यावर चित्र येतं-जातं. अशा वेळी बाजूला छोटं यूएसबी भोक असलेला कन्व्हर्टर घ्या आणि त्याला मोबाइलच्या चार्जरवरून वेगळी वीज द्या.

आता टाइप-सी. इथे कंपन्यांनी खरा गोंधळ घातलाय. टाइप-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. आत २४ पिन असतात, पण त्यांतून काय जाईल हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. एखाद्या पोर्टमधून चार्जिंग, डेटा आणि चित्र तिन्ही जातं. शेजारच्याच दुसऱ्या पोर्टमधून फक्त डेटा. पेन ड्राइव्ह चालला, मोबाइल चार्ज झाला, म्हणजे प्रोजेक्टरही चालेल असं धरून चालू नका. चित्रासाठी त्या पोर्टमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड’ किंवा थंडरबोल्ट असावं लागतं. पोर्टशेजारी इंग्रजी डी आणि पी एकात एक गुंफलेली खूण किंवा बाण असलेली वीज कोरलेली दिसली तर बरं. खूण नसली तर मॉडेलचा पूर्ण नंबर लॅपटॉपच्या पोटावर बघा आणि कंपनीच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधा. त्याच नावाच्या स्वस्त आणि महाग मॉडेलांत फरक असतो, म्हणून पूर्ण नंबर.

पोर्टला चित्राची सोयच नसेल तर टाइप-सी टू व्हीजीएचा कोणताही साधा कन्व्हर्टर चालणार नाही, हजाराचा घ्या की तीनशेचा. मग मार्ग एकच, स्वतःची ग्राफिक्स चिप असलेला डिस्प्लेलिंकचा अ‍ॅडॅप्टर. तो महाग पडतो, ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू लॅपटॉपला ओळखायला लावणारा प्रोग्राम, टाकावा लागतो, पण स्लाइड दाखवायला उत्तम चालतो.

हे सगळं बरोबर आहे आणि तरी पडदा निळाच? मग पुढचं क्रमाने करा. टाइप-सीची पिन काढून उलटी फिरवून लावा, कारण स्वस्त अ‍ॅडॅप्टरची एक बाजू मेलेली असू शकते. लॅपटॉपला दुसरा टाइप-सी असेल तर तिथे लावून बघा. विंडोजचं बटण दाबून पी दाबा आणि ‘एक्स्टेंड’ निवडा. कंट्रोल, शिफ्ट, विंडोज आणि बी एकदम दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते. आणि हो, प्रोजेक्टरच्या रिमोटवर ‘सोर्स’ दाबून ‘कॉम्प्युटर १’ की ‘कॉम्प्युटर २’ हे बघा. तिथेच अडलेलं असतं आणि माणूस नवा लॅपटॉप परत करायला निघालेला असतो.

चित्र आलं, पण धड नाही

जुने प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ किंवा १२८० बाय ८०० वर चालतात. नवा लॅपटॉप १९२० बाय १०८० च्या खाली यायला तयार नसतो. प्रोजेक्टर आपली क्षमता व्हीजीए वायरीच्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून लॅपटॉपला कळवतो. छतातल्या स्वस्त लांब वायरीत या पिना जोडलेल्याच नसतील तर लॅपटॉप अंदाजाने काहीतरी पाठवतो आणि पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’ येतं. ‘डुप्लिकेट’ सोडून ‘एक्स्टेंड’ करा, डिस्प्ले सेटिंगमध्ये दुसरा स्क्रीन निवडा, रिझोल्युशन १०२४ बाय ७६८ आणि रिफ्रेश रेट ६० करा. वायरीच्या टोकात मधल्या ओळीतली एक पिन नसेल तर घाबरू नका. ती ९ नंबरची, पुष्कळ वायरींत मुळातच नसते. वाकलेली पिन मात्र बारीक चिमट्याने सरळ करा, जोर लावू नका.

चित्रात खालून वर सरकणारे आडवे पट्टे दिसत असतील तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. पट्टे गेले? मग कन्व्हर्टर निर्दोष आहे, गडबड अर्थिंगची आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात हे जास्त दिसतं. पारा ४५ च्या पुढे, हॉलमध्ये दोन-तीन कूलर, प्रोजेक्टर एका लाइनवर आणि लॅपटॉप कूलरच्या एक्स्टेंशन बोर्डवर. दोन्हींचं अर्थिंग वेगळं पडलं की व्हीजीएसारख्या अ‍ॅनालॉग वायरीत तो फरक पट्टे होऊन दिसतो. लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवरून हात फिरवल्यावर झिणझिण लागत असेल तर चार्जरपर्यंत अर्थिंग पोचतच नाहीये. दोन्ही एकाच तीन पिनच्या बोर्डवर घ्या. तरी झिणझिण राहिली तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग कन्व्हर्टर जोडा. असा गळका करंट कन्व्हर्टरच्या चिपमधून वाट काढतो आणि एकेक कन्व्हर्टर जाऊ शकतो. गिऱ्हाईक म्हणतं माल चायनाचा होता. असेलही, पण दुसराही तसाच जाईल.

आवाज गायब होणं ही वेगळी तक्रार नाही. एचडीएमआय लावलं की विंडोज आवाजही तिकडे पाठवते आणि व्हीजीएमधून आवाज जातच नाही. कन्व्हर्टरला हेडफोनचं भोक असेल तर स्पीकर तिथे लावा. नाहीतर घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट पुन्हा लॅपटॉपचं निवडा. बाकी सगळं दिसतं पण ओटीटीवरचा व्हिडिओ तेवढा काळा, असं असेल तर तो कॉपी-संरक्षणाचा प्रकार आहे. व्हीजीएवर ते संरक्षण चालत नाही म्हणून चित्रच रोखलं जातं. यावर सरळ मार्ग नाही.

एक गंमत अजून. टाइप-सी हबमध्ये, म्हणजे एका भोकाची अनेक भोकं करणाऱ्या डबीत, वायरलेस माउस किंवा स्लाइड बदलायच्या पॉइंटरची इवलीशी डोंगल लावली की पॉइंटर अडखळतो. सर दोन पावलं मागे गेले की स्लाइड पुढे सरकत नाही. सेल बदलून उपयोग नसतो. यूएसबी ३ च्या वायरीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर माहितीपत्रक काढलं होतं. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन वायर घ्या आणि डोंगल हबपासून लांब ठेवा.

धरमकाटा आणि कॉम पोर्ट

व्हीजीएबद्दल बोलायला माणसं भरपूर, कारण ते १९८७ मध्ये आयबीएमने आणलं, सगळ्यांनी पाहिलं. २०१० च्या डिसेंबरात इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो आणि सॅमसंग-एलजीच्या पॅनेलवाल्या शाखांनी २०१५ पर्यंत ते हळूहळू बंद करण्याचं रीतसर जाहीरही केलं होतं. नऊ पिनांच्या सीरियल पोर्टसाठी, म्हणजे आपल्या कॉम पोर्टसाठी, कोणी असं रडलं नाही. १९६० च्या आरएस-२३२ या मानकावर चालणारा हा पोर्ट लॅपटॉपवरून गुपचूप गेला. पण धरमकाट्याचा इंडिकेटर आजही त्याच भाषेत वजन सांगतो. संत्र्याचा सीझन, बाहेर गाड्यांची रांग, आणि मालकाने कौतुकाने आणलेल्या नव्या लॅपटॉपवर वजनाच्या चौकटीत शून्य. "भाऊ, इंडिकेटरवर दिसून राहिलं, कॉम्प्युटरवर येऊनच नाही राहिलं!"

मोबाइल दुकानदाराकडून आणलेला यूएसबी टू सीरियल कन्व्हर्टर लावून झालेला असतो. दोष कन्व्हर्टरचा की पुढचा, हे कळायला एक चाचणी आहे आणि तिला खर्च शून्य. कन्व्हर्टरच्या नऊ पिनांच्या टोकाकडे समोरून बघा, पाच पिनांची ओळ वर ठेवा. डावीकडून दुसरी आणि तिसरी पिन वायरीच्या एका बारीक तुकड्याने एकमेकींना जोडा. लॅपटॉपवर पुटी नावाचा फुकटचा प्रोग्राम उघडा, ‘सीरियल’ निवडा, कॉमचा नंबर टाका, फ्लो कंट्रोल ‘नन’ करा, आणि काहीही टाइप करा. टाइप केलेलं स्क्रीनवर उमटलं तर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर दोन्ही धडधाकट. वायरीचा तुकडा काढला की उमटणं थांबलं पाहिजे.

उमटलंच नाही तर डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली जोडलेल्या वस्तूंची यादी, उघडा. तिथे कन्व्हर्टरच्या नावाच्या जागी ‘फेज्ड आउट सिन्स २०१२, प्लीज कॉन्टॅक्ट युअर सप्लायर’ असं दिसत असेल तर आत प्रोलिफिक कंपनीची जुनी चिप किंवा तिची नक्कल आहे आणि नवा ड्रायव्हर तिला ओळखायला नकार देतोय. नकली चिपांवर कंपन्यांचा राग इतका की एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या २०१४ मधल्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख क्रमांकच पुसून टाकला होता आणि ते कन्व्हर्टर कामातून गेले. शिक्षा झाली ती नकली माल बनवणाऱ्याला नाही, विकत घेणाऱ्याला. माझं मत विचाराल तर काट्यासाठी अस्सल एफटीडीआय चिपचाच कन्व्हर्टर घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी जाऊ द्या. बाहेर उघड्यावर वायर असेल तर आयसोलेटेड प्रकारचा, म्हणजे दोन्ही बाजूंचा विजेचा थेट संबंध तोडलेला, घ्या. पावसाळ्यात वीज कडाडली की लांब वायरीतून येणारा झटका मग लॅपटॉपच्या मदरबोर्डपर्यंत जायची शक्यता कमी होते.

चाचणी पास झाली आणि तरी वजन येत नाही, तर आता इंडिकेटरची वायर लावा आणि पुटीमध्ये नुसतं बघत बसा. बहुतेक इंडिकेटर वजन सतत पाठवत असतात. काहीच हललं नाही तर बहुधा सरळ वायर आणि क्रॉस वायर (दोन आणि तीन नंबरच्या पिनांची अदलाबदल केलेली) यांत घोळ आहे, दुसऱ्या प्रकारची लावून बघा. चौकटी, प्रश्नचिन्हं, विचित्र अक्षरं धावताना दिसली तर आनंद माना, वायर बरोबर आहे, फक्त वेग जुळत नाही. बॉड रेट १२००, २४००, ४८००, ९६०० असा बदलत जा. योग्य वेग लागला की कचऱ्यातून अचानक आकडे उभे राहतात आणि इंडिकेटरवरचं वजन ओळीने खाली सरकायला लागतं. आकडे जवळपास जुळतात पण पूर्ण नाही असं वाटलं तर ८ बिट, पॅरिटी नाही याऐवजी ७ बिट, इव्हन पॅरिटी करून बघा. हे आकडे काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. इंडिकेटर उघडून आत सेटिंग बदलायच्या फंदात पडू नका, त्याला वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन विभागाचं सील असतं आणि ते तुटलं तर फेरपडताळणीचं झेंगट मागे लागतं.

पुटीत आकडे दिसतात पण सॉफ्टवेअरमध्ये नाही, असं झालं की कॉमचा नंबर बघा. जुन्या सॉफ्टवेअरांना कॉम १ ते ४ एवढंच ठाऊक असतं आणि विंडोजने दिलेला असतो कॉम ७. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड असं जाऊन नंबर बदला. ‘इन यूज’ लिहिलेलं असलं तरी तो जुना कन्व्हर्टर आता जोडलेला नसेल तर खुशाल घ्या. बऱ्याच स्वस्त कन्व्हर्टरांचा नंबर यूएसबीचं भोक बदललं की बदलतो. म्हणून ज्या भोकात चाललं तिथे रंगीत टेप लावा आणि काट्यावरच्या पोराला सांगून ठेवा की मोबाइल तिथे चार्ज करायचा नाही.

सकाळी चालतं, जेवणाच्या सुट्टीनंतर बंद पडतं, काढून लावलं की परत चालतं? ती वीज वाचवायची सोय आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ’ची खूण काढा. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ दिसत असेल तर तेही बंद करा.

लॅन

इथे फार भानगडी नाहीत. यूएसबी टू लॅन अ‍ॅडॅप्टर घेताना यूएसबी ३ आणि गिगाबिटचा घ्या, यूएसबी २ चे स्वस्त अ‍ॅडॅप्टर बहुधा १०० एमबीपीएसलाच अडकतात आणि मग नेट मंद म्हणून केबलवाल्याला शिव्या बसतात. सरकारी ऑफिसात किंवा कॉलेजात अ‍ॅडॅप्टर लावला, लाइट लुकलुकला, पण नेट नाही, तर तिथलं नेटवर्क प्रत्येक नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसवर बांधलेलं असण्याची शक्यता मोठी. अ‍ॅडॅप्टरचा मॅक अ‍ॅड्रेस लॅपटॉपच्या वायफायपेक्षा वेगळा असतो. कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग, स्लॅश, ऑल’ (ipconfig /all) चालवून तो काढा आणि सिस्टीमवाल्या सरांकडे नोंदवा. सहकाऱ्याचा अ‍ॅडॅप्टर उसना घेतला तर त्याच्या नावावर तुमचं नेट चालेल, हेही ध्यानात असू द्या.

जुन्या लग्नाच्या कॅसेटी

व्हिडिओ कॅमेऱ्याच्या जुन्या मिनी डीव्ही कॅसेटी घेऊनही लोक येतात. कॅमेऱ्याला फायरवायरचं, म्हणजे व्हिडिओ उतरवायच्या जुन्या पोर्टचं भोक, लॅपटॉपला त्याचं नावही नाही. फायरवायर टू यूएसबी म्हणून शंभर-दोनशेत मिळणारी चिमुकली पिन निव्वळ फसवणूक आहे, तिने कॅसेट उतरत नाही. घरी किंवा ओळखीत जुना डेस्कटॉप असेल तर त्यात पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड बसवा, लॅपटॉपचा नाद सोडा.

या पोर्टचा इतिहास गमतीचा आहे. अ‍ॅपलने २००८ च्या अ‍ॅल्युमिनियमच्या मॅकबुकमधून फायरवायर काढलं, व्हिडिओवाल्यांनी आरडाओरडा केला, आणि २००९ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये ते परत आलं. २०१६ च्या मॅकबुक प्रोमधून एचडीएमआय आणि मेमरी कार्डचं भोक काढलं, तेही २०२१ मध्ये परत द्यावं लागलं. तेव्हा दुकानदाराने "आजकाल असंच येतं" म्हटलं म्हणून मुकाट्याने घरी जायचं कारण नाही. कंपनीच्या फीडबॅकमध्ये लिहा, मॉडेल नंबरासकट लिहा.

कन्व्हर्टर कुठे ठेवायचा

लॅपटॉपच्या बॅगेत नको. बॅगेतला कन्व्हर्टर घरी राहतो, गाडीत राहतो, पोरगा घेऊन जातो. तो प्रोजेक्टरच्या वायरीच्या टोकालाच लावा आणि केबल टायने बांधून टाका. काट्याचा काट्याच्या वायरीला. जुनी वस्तू जागची हलत नाही, लॅपटॉप बदलत राहणार, तेव्हा जोडणीचा तुकडा न हलणाऱ्याच्या ताब्यात असलेला बरा. ज्या हॉलमध्ये पाहुणे वक्ते येतात तिथे एचडीएमआय आणि टाइप-सी, दोन्ही टोकं बांधून ठेवा. त्या दोन कन्व्हर्टरांचा मिळून खर्च एका कार्यक्रमाच्या हारतुऱ्यांपेक्षा जास्त नाही.

नवा लॅपटॉप अजून घ्यायचा असेल तर दुकानात जाताना घरची वायर सोबत न्या. सेल्समनला विचारू नका, सरळ लावून बघा. प्रोजेक्टर नेता येत नाही, पण दुकानात मॉनिटर असतातच. टाइप-सीमधून मॉनिटरवर चित्र उमटलं की मगच पैसे काढा, आणि ज्या मॉडेलवर बघितलं तोच पूर्ण नंबर बिलावर आहे का ते तपासा.